हरवलेला रानपिंगळा

आपल्या निलंग्यात पिंगळा कोणाला ठाऊक नाही? तिन्हीसांजेला चिंचेच्या ढोलीतून दोन वाटोळे डोळे बाहेर डोकावतात आणि घरातील वडीलधारी माणसे तो कोणत्या दिशेला ओरडला ते पाहतात. शकुन-अपशकुनाचा भाग सोडून देऊ. या पिंगळ्याचा एक भाऊबंद, रानपिंगळा, सातपुड्याच्या रानात राहतो. शंभराहून अधिक वर्षे तो जगाच्या लेखी नाहीसा झालेला होता. अशा पुन्हा सापडलेल्या जीवाच्या जगण्यात माणसाने हात घालावा काय, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

या पक्ष्याचे शास्त्रीय वर्णन १८७३ साली ॲलन ह्यूम यांनी केले. राष्ट्रीय सभेच्या स्थापनेमुळे इतिहासाच्या विद्यार्थ्यांना परिचित असलेले ते हेच ह्यूम! पुढे खानदेशात डेव्हिडसन या मुलकी अधिकाऱ्याने काही पक्षी मारून त्यांचे नमुने जमविले. १८८४ नंतर मात्र खात्रीची नोंद नाही. जगातील संग्रहालयांत मोजून सात कातडी तेवढी उरली.

मध्यंतरी मायनर्टझ्हागेन या इंग्रज लष्करी अधिकाऱ्याने १९१४ साली गुजरातेत मांडवी येथे हा पक्षी मिळाल्याचे सांगितले होते. पामेला रासमुसेन या विदुषींनी त्या नमुन्याची तपासणी केली, तेव्हा तो डेव्हिडसनचाच जुना पक्षी निघाला. चोरलेला, उसवून पुन्हा भरलेला आणि नवी चिठ्ठी लावलेला. ही लबाडी बाजूला सारताच शोधायला खरी जुनी ठिकाणे तेवढी राहिली. २५ नोव्हेंबर १९९७ रोजी, तेव्हाच्या धुळे व आताच्या नंदुरबार जिल्ह्यात, शहाद्याजवळच्या विरळ सागवानी रानात रासमुसेन आणि बेन किंग यांच्या चमूला तो दिसला. दिवसाउजेडी, उघड्या फांदीवर! डोक्यावर नेहमीच्या पिंगळ्यासारखे ठिपके नाहीत, पोट पांढरे. तेथील आदिवासी बांधवांच्या दृष्टीने तो हरवला होता की नाही, हे त्यांना कोणी विचारले होते?

पुढे तो मेळघाट, यावल, मध्य प्रदेशातील खंडवा आणि अलीकडे ठाण्याच्या तानसा भागातही आढळला. म्हणून २०१८ मध्ये धोक्याच्या यादीत त्याची एक पायरी उतरविण्यात आली.

काहीजण म्हणतात, निसर्गाचे निसर्गाला पाहू द्या. मला हे पटत नाही. कुऱ्हाड माणसाची, गोळी माणसाची, खोटी चिठ्ठीही माणसाची. मग आपण हात घातलाच नाही असे कसे म्हणावे? प्रश्न हात कोठे घालावा एवढाच उरतो. याचा दाखला आपल्या शेजारीच, सोलापूर जिल्ह्यातील नान्नजला आहे. माळढोकासाठी १९७९ साली सोलापूर-अहमदनगर भागात सुमारे ८,५०० चौरस किलोमीटरचे अभयारण्य जाहीर झाले. त्यात गावे आली, शेते आली. जमिनीच्या व्यवहारांना आडकाठी झाली आणि शेतकऱ्याचा राग बिचाऱ्या पक्ष्यावर निघाला. नंतर क्षेत्र बरेच घटविले, पण माळढोकही घटत गेला. आज राजस्थानात जैसलमेरजवळ त्याची अंडी उचलून यंत्रात उबवावी लागतात. इतके थोडे पक्षी उरल्यावर दुसरा इलाज नाही. तेथे मी या उपायाच्या बाजूने आहे.

रानपिंगळ्यावर ती पाळी आलेली नाही. त्याला पिंजऱ्यात घालण्याचे कारण नाही, आणि रानाभोवती कुंपण घालून माणसे बाहेर काढण्याचेही नाही. नान्नजची चूक सातपुड्यात कशाला? त्याला लागते विरळ रान आणि जुनी झाडे. हा पक्षी स्वतः ढोली कोरीत नाही, आयती शोधतो. आणि ढोली पडलेले, अर्धे वाळलेले झाड तर सरपणासाठी सर्वांत आधी तोडले जाते. तेव्हा त्या घरांत चुलीला दुसरे काय मिळेल, हे पाहण्यापासून सुरुवात करावी लागेल.