जुन्या पिकअपचा दम

लासलगावच्या बाजाराला कांदा न्यायचा आहे. पिकअप भरली. पण चढ आला की गाडी रडते. मागे काळा धूर सोडते. लोक म्हणतात, "इंजिन गेलं. खोलावं लागंल." मालकाच्या पोटात गोळा येतो. इंजिन खोलायचे म्हणजे मोठा खर्च. त्यासाठी कर्ज काढावे लागते, नाहीतर घरातला दागिना मोडावा लागतो.

थोडे थांबा. आधी आपण गाडीची नाडी पाहू. हा पाठ जुन्या डिझेल पिकअपचा आहे. तिच्या इंजिनात संगणक नसतो.

इंजिन कसे चालते?

सायकलच्या चाकात हवा भरताना पंप तापतो. हवा जोराने दाबली की ती तापते. डिझेल इंजिनात हेच घडते. दट्ट्या हवा दाबतो. हवा फार तापते. तिच्यात डिझेलचा फवारा पडतो आणि आपोआप पेटतो. ठिणगी लागत नाही.

एक किलो डिझेल पुरते जळायला सुमारे १५ किलो हवा लागते. चुलीला वारा मिळाला नाही तर घरभर धूर होतो. इंजिनाचेही तसेच आहे.

आधी काय पाहावे?

चाके : दोष कधी कधी इंजिनात नसतोच. थोडे चालवून गाडी उभी करावी. एखाद्या चाकाजवळ हात नेला आणि धग लागली, तर तिथला ब्रेक धरून राहतो आहे. टायरमध्ये हवा कमी असेल तरी गाडी जड चालते. इंजिनाचा आवाज वाढतो पण गाडी पळत नाही, तर क्लच घसरतो आहे.

हवा : एअर फिल्टर उघडावा. कागदी फिल्टर पाण्याने धुऊ नये. हलके झटकावा आणि आतून बाहेर हळू हवा मारावी. फाटला किंवा काळा पडला तर नवा घालावा. फिल्टरपासून इंजिनाकडे जाणारी नळी चिरलेली नाही ना, हेही पाहावे. त्या चिरेतून धूळ आत जाते आणि इंजिन झिजवते. फिल्टर काढून गाडी कधीही चालवू नये.

डिझेल : डिझेल फिल्टरच्या तळाशी पाणी साठते. खालचा स्क्रू सैल करून ते काढावे. फिल्टर वेळेवर बदलावा. बदलल्यावर नळीत अडकलेली हवा हातपंपाने काढावी. डिझेलमध्ये रॉकेल मिसळू नये. त्याने पंप आणि नोझल झिजतात.

पाणी : रेडिएटरच्या जाळीत कचरा अडकला तर इंजिन तापते. जाळी साफ करावी. पंख्याचा पट्टा सैल नको. गाडी गरम असताना रेडिएटरचे झाकण उघडू नये. उकळते पाणी अंगावर उडते.

ऑइल : गाडी सपाट जागी, इंजिन बंद. पट्टी काढून पुसावी, पुन्हा घालून पाहावी. ऑइल दोन खुणांच्या मध्ये हवे. कमी वाईट, तसे जास्तही वाईट.

धूर काय सांगतो?

काळा धूर : हवा कमी पडते किंवा डिझेल जास्त पडते.
निळा धूर : ऑइल जळते आहे.
पांढरा धूर : थंडीत सकाळी थोडा वेळ आला तर काळजी नको. इंजिन तापल्यावरही येत राहिला, तर डिझेल न जळता बाहेर पडते, नाहीतर आत पाणी शिरते आहे.

एवढे करूनही दम येत नसेल, तर मिस्त्रीकडून नोझल आणि टॅपेट तपासून घ्यावेत. इंजिन खोलण्याची गोष्ट त्यानंतर. काही जण पंपाचा स्क्रू फिरवून डिझेल वाढवतात. चार दिवस गाडी पळते. पण हवा तेवढीच, डिझेल मात्र जास्त. मग धूर वाढतो, इंजिन तापते आणि खर्च दुप्पट होतो.

वही ठेवा

आता आपल्याला लिहिता येते, भागाकार येतो. त्याचा उपयोग करू. टाकी पूर्ण भरावी आणि मीटरचा आकडा लिहावा. पुन्हा टाकी भरताना किती लिटर लागले, तेही लिहावे. समजा, गाडी ४४० किलोमीटर चालली आणि ४० लिटर डिझेल लागले. ४४० ला ४० ने भागले की ११ आले. म्हणजे लिटरला ११ किलोमीटर.

दुरुस्तीनंतर त्याच रस्त्याने, तेवढ्याच ओझ्याने पुन्हा मोजावे. आकडा वाढला तर पैसे कामी आले. नाही वाढला तर मिस्त्रीपुढे वही ठेवावी आणि विचारावे. कोणी सांगितले म्हणून इंजिन खोलायचे नाही. वही काय म्हणते ते आधी वाचायचे.

सांगा पाहू

१. काळा धूर का येतो?
२. गरम रेडिएटरचे झाकण का उघडू नये?
३. गाडी ३६० किलोमीटर चालली. ३० लिटर डिझेल लागले. लिटरला किती किलोमीटर पडले?