खुरातला पू पुन्हा पुन्हा का भरतो?

दसरा जवळ आला की माथेरान, महाबळेश्वर, पाचगणीचे घोडेवाले दिवाळीच्या गर्दीच्या तयारीला लागतात. त्यानंतर तुळशीचं लग्न झालं की वरातींचा हंगाम आणि दत्तजयंतीला सारंगखेड्याचा बाजार. घोड्यांची बरीच कमाई याच महिन्यांत होते आणि खुरात पू झाल्याच्या तक्रारीही याच सुमारास वाढतात.

पावसाळाभर चिखलात आणि ओल्या तबेल्यात उभ्या राहिलेल्या घोड्याचा खूर पाणी शोषून मऊ पडतो. मग ऑक्टोबरचं ऊन लागतं आणि तोच खूर झपाट्याने सुकून आकसतो. खुराची भिंत आणि तळवा जिथे जुळतात, त्या पांढऱ्या रेषेत अशा वेळी बारीक फटी पडतात. त्यातून माती, लीद, बारीक खडे आत जातात, त्यांच्याबरोबर जंतू जातात आणि पू धरतो. वरून कठीण कवच असल्यामुळे त्या पुवाला पसरायला जागा नसते. नखुरडं झालेल्या बोटाचा ठणका आठवा, आणि त्याच बोटावर तीन-साडेतीनशे किलोचा भार आहे असं समजा. संध्याकाळी धडधाकट असलेला घोडा सकाळी पाय टेकवत नाही, तो यामुळे.

असा लंगडा घोडा दिसला की आधी खूर बघा. खुराला हात लावला तर दुसऱ्या पायापेक्षा गरम लागतो. घोट्याच्या मागे दोन्ही बाजूंना बोटं टेकवली तर नाडी जोरात उडताना जाणवते. कधीकधी सूज घोट्याच्याही वर चढते, आणि इथेच फसगत होते. शीर चढली, खांदा धरला असं म्हणून तेल चोळलं जातं, काही ठिकाणी तर पायाला डाग दिला जातो. डाग देणं हा उपचार नाही. मुळात दुखतंय खुरात आणि आपण त्या मुक्या जनावराची कातडी जाळतो, हे थांबलंच पाहिजे.

नाल असेल तर काढायला लावा. पशुवैद्यक खुराच्या चिमट्याने दाबून दुखरी जागा शोधतात, पांढऱ्या रेषेतला काळा माग धरून लहानसं भोक पाडतात आणि पू वाहू लागतो. भोक लहानच हवं. तळव्याला मोठा खड्डा केला तर आतला जिवंत भाग बाहेर डोकावतो आणि बरं व्हायला आठवड्यांऐवजी महिने लागतात. माग सापडला नाही, तर खोदत बसू नये. कोमट पाण्यात एप्सम सॉल्ट घालून वीस-तीस मिनिटं खूर बुडवावा आणि ओलं पोटीस बांधावं, म्हणजे तळवा मऊ होतो. कधी पू स्वतःच वर चढून, केस संपतात त्या काठाला फुटतो. पोटीस मात्र एक-दोन दिवसच. पू वाहिल्यावर भोक पोव्हिडोन आयोडीनने स्वच्छ करावं, कापूस भरावा, वर लहान मुलांचा डायपर बांधून चिकटपट्टी गुंडाळावी आणि खूर कोरडा ठेवावा. मोरचुदाची पूड, फिनेल, रॉकेल भोकात ओतू नये. त्याने जंतूंपेक्षा आतलं मांसच जास्त जळतं.

धनुर्वाताची लस झाली आहे का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना सांगा. घोड्याइतकं धनुर्वाताला बळी पडणारं दुसरं पाळीव जनावर नाही. खुरात खिळा घुसलेला दिसला आणि तो तळव्याच्या मधल्या त्रिकोणी मऊ भागात असेल, तर तो उपसू नका. खिळा आणखी आत जाणार नाही असा पाय बांधा आणि लगेच डॉक्टरांना बोलवा. खिळा कुठवर गेला आहे हे एक्स-रेत दिसलं पाहिजे, कारण तिथून सांधा फार लांब नसतो. फिरत्या पशुवैद्यकीय पथकासाठी 1962 हा क्रमांक आहे.

पू निघाला की एक-दोन दिवसांत घोडा बराचसा पाय टेकू लागतो. आपण कामाला लागतो, विषय संपतो. दोन महिन्यांनी पुन्हा तेच होतं, पुन्हा भोक, पुन्हा पोटीस. माझं आग्रहाचं म्हणणं इथे आहे. वर्षात दुसऱ्यांदा पू झाला तर त्याला नशीब किंवा घाण एवढंच कारण समजू नका. कोणता पाय, खुराची कोणती बाजू, नाल कधी ठोकला होता, हे वहीत लिहून ठेवा. कारणाचा निम्मा शोध या नोंदीतच लागतो.

पुन्हा त्याच पायात, त्याच जागी पू होत असेल तर आत काहीतरी राहिलं आहे. जुना कप्पा पूर्ण रिकामा झाला नसेल, खुराच्या हाडाचा तुकडा मेला असेल, किंवा शिंगासारखी गाठ आतून वाढत असेल. हे वरून कितीही तासलं तरी कळत नाही, एक्स-रेच काढावा लागतो. सातारा भागातल्यांना शिरवळचं आणि मुंबईकडच्यांना परळचं पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ आहे. नाल ठोकल्यावर आठवडाभरात लंगडेपणा आला तर खिळा आतल्या जिवंत भागाला लागला किंवा फार जवळून गेला, असं आधी धरावं.

कधी या पायाला, कधी त्या पायाला, त्यातही पुढच्या दोन्ही पायांना आळीपाळीने पू होत असेल तर लॅमिनायटिसची शंका घ्या. यात भिंतीला हाडाशी धरून ठेवणारे पापुद्रे सुटतात, पांढरी रेषा रुंद होते आणि जंतूंना वाट मोकळी मिळते. याचं मूळ बहुतेक वेळा दावणीत असतं. बाजारात घोडा भरलेला दिसावा म्हणून गूळ, हरभरा, कणीक भरमसाट चारली जाते, शिवाय पावसानंतरचं कोवळं गवत असतंच. मानेवर चरबीचा कठीण उंचवटा आलेला घोडा देखणा वाटतो, पण त्याचे खूर धोक्यात असतात. अशा घोड्याला सुकं गवत मुख्य ठेवा, खुराक कमी करा आणि नुसता कोंडा घालू नका. कोंड्यात फॉस्फरस जास्त आणि कॅल्शियम कमी असतं. म्हातारा घोडा उन्हाळ्यातही लांब केस टाकत नसेल, तर लॅमिनायटिसचं मूळ खुराकाबाहेर आहे का हे कळण्यासाठी त्याची रक्ततपासणी करून घ्या.

मात्र सर्वांत जास्त दुर्लक्ष होतं ते नालबंदीकडे. नाल झिजेपर्यंत किंवा आपोआप पडेपर्यंत थांबायची सवय आपल्याकडे घट्ट आहे. खूर महिन्याला साधारण एक सेंटीमीटर वाढतो, नाल झिजो वा न झिजो. पुढचं टोक लांबलं की प्रत्येक पावलाला भिंत तळव्यापासून ओढली जाते आणि पांढरी रेषा उसवते. म्हणून पाच ते सहा आठवड्यांनी नाल काढून खूर तासलाच पाहिजे. याचा खर्च हंगामात घोडा दहा दिवस बांधून ठेवण्यापेक्षा नक्कीच कमी येतो. बायोटिन चारल्याने नवा खूर चांगला येतो, पण टोकाचा खूर वरून खाली पूर्ण उतरायला नऊ महिने ते वर्ष लागतं. महिनाभरात गुण नाही म्हणून ते बंद करू नका.

तबेल्याची जमीन मुरूम घालून उंच करा, मूत वाहून जाईल असा उतार द्या आणि सकाळ-संध्याकाळ चारही खूर उचलून साफ करा. ओल्या खुरावर तेल किंवा डांबर चोळू नका, आतली ओल आतच कोंडली जाते.

पू निघालेल्या घोड्याला भोक कोरडं आणि टणक होईपर्यंत स्वार किंवा ओझं देऊ नका. वेदनाशामक देऊन फेरीला काढणं तर नकोच. औषध बंद केल्यावर दोन दिवस तो कडक जमिनीवर सरळ चालला, वळतानाही डगमगला नाही, तरच नालबंदाला बोलवा आणि भोक झाकेल असा तुकडा नालाखाली बसवून घ्या.