पार्ट मिळत नाही? आधी माप घ्या!

मित्रांनो, सत्तर वर्षांची जुनी गाडी सुरू करणं हे वाटतं तितकं अवघड काम नाही. पेट्रोल, ठिणगी आणि हवा जमली की इंजिन कधी ना कधी खोकत खोकत उठतंच. खरी परीक्षा असते ती गाडी थांबवण्याची. इंजिनचा पार्ट मिळाला नाही तर गाडी शेडमध्ये उभी राहते, कोणाचं काही बिघडत नाही. ब्रेकचा पार्ट 'जवळपास बसतो' म्हणून लावला, तर मात्र पुढच्या उतारावर त्याचा हिशोब द्यावा लागतो. म्हणून यंदाच्या अंकात जुन्या पिकअपच्या ब्रेकचे दुर्मिळ भाग कसे शोधायचे, याचा अभ्यास करू. सेकंड इयरला शिकलेला पास्कलचा नियम आणि वर्कशॉपमधलं व्हर्निअर, एवढ्या भांडवलावर बरंच काम होतं.

कुठली गाडी, कुठले ब्रेक?

उदाहरण म्हणून शेव्हर्लेची ३१०० ही अर्ध्या टनाची पिकअप घेऊ. गोल नाकाची, आडव्या पट्ट्यांच्या जाळीची ही गाडी १९४७ साली आली आणि १९५५ च्या सुरुवातीपर्यंत बनत राहिली. आपल्याशीही या कंपनीचं जुनं नातं आहे. जनरल मोटर्सने १९२८ साली मुंबईत शिवडीला जुळणीचा कारखाना काढला होता आणि १९५४ पर्यंत तिथे शेव्हर्लेच्या मोटारी व ट्रक जुळवले जात. त्यामुळे त्या काळातल्या शेव्हर्ले गाड्या अजूनही कुठे वाड्यात, कुठे गोठ्यामागे निघतात.

या पिकअपच्या बाबतीत पहिला प्रश्न विचारायचा तो सालाचा. शेव्हर्लेने १९३६ पासून हायड्रॉलिक ब्रेक दिले. १९५० पर्यंत मोटारींना आणि अर्ध्या टनाच्या ट्रकला 'हक' पद्धतीचे ब्रेक होते, १९५१ पासून 'बेंडिक्स' पद्धतीचे आले. वरून गाडी तीच दिसते, पण ड्रम काढला की आतली गोष्ट वेगळी. बेंडिक्समध्ये दोन्ही शू खालच्या बाजूला दातेरी ॲडजस्टरने जोडलेले असतात. चाक फिरताना पहिला शू ड्रमबरोबर ओढला जातो आणि दुसऱ्याला ढकलतो, म्हणजे ड्रमच ब्रेक लावायला मदत करतो. हकमध्ये एक शू दुसऱ्याला असा रेटत नाही, त्यामुळे पायाला जास्त जोर लावावा लागतो. बेंडिक्सचे भाग तुलनेने सहज मिळतात. हकसाठीच खरी वणवण. म्हणून '१९५० ची की १९५१ ची' हे ठरवल्याशिवाय एक रुपयासुद्धा खर्च करू नये. आणि हे आरसी बुकावरून न ठरवता ड्रम उघडून ठरवावं, कारण मधल्या सत्तर वर्षांत कोणी काय बदललंय हे कागद सांगत नाही.

पास्कल आणि सूत

आपले जुने मिस्त्री माप सुतात सांगतात. आठ सूत म्हणजे एक इंच. 'इंच-एक-सूत' म्हणजे सव्वा नव्हे हं, १ १/८ इंच, म्हणजे २८.५८ मिमी. एका सुताने काय फरक पडतो ते बघा.

समजा पेडलवर ३०० न्यूटन जोर दिला आणि पेडलचं गुणोत्तर ६ आहे. मास्टर सिलिंडरच्या पिस्टनवर १८०० न्यूटन येतात. मास्टरचा बोअर एक इंच असेल तर क्षेत्रफळ सुमारे ५०७ चौ. मिमी. दाब झाला साधारण ३.५५ न्यूटन प्रति चौ. मिमी. हा दाब सगळीकडे सारखाच पोचतो.

आता एका चाकात १ १/८ इंची सिलिंडर आहे (६४१ चौ. मिमी). शूला मिळणारा जोर सुमारे २२७६ न्यूटन. त्याच ॲक्सलच्या दुसऱ्या चाकात कोणी 'दिसायला सारखाच' एक इंची बसवला, तर जोर १८०० न्यूटन. एका सुताच्या फरकाने एक चाक दुसऱ्यापेक्षा २६ टक्के जास्त जोराने धरतं! पावसाळ्यातल्या ओल्या रस्त्यावर अशी गाडी सरळ थांबणार नाही, एका बाजूला ओढणार.

मास्टर सिलिंडर बदलतानाही हाच हिशोब. एक इंचाऐवजी पाऊण इंची मास्टर लावला तर दाब १.७८ पट होतो, पाय हलका वाटतो, मालक खूश. पण तेवढंच ऑइल ढकलायला पेडलचा प्रवासही १.७८ पट लागतो. लायनर थोडे झिजले की पेडल थेट फळीला टेकतं. फुकट काहीच मिळत नाही, हे मशीन डिझाइनच्या सरांचं वाक्य इथे पटतं.

आणखी एक सापळा म्हणजे 'एक इंच म्हणजे पंचवीसच की!' एक इंच म्हणजे २५.४ मिमी. २५ चा पिस्टन त्यात ०.४ मिमी सैल बसतो. दाब आला की रबरी कप त्या फटीत चेंगरतो, कुरतडला जातो आणि मग गळती सुरू.

दुकानात काय विचारायचं?

पुण्यात नाना पेठ, मुंबईत ऑपेरा हाउसचा स्पेअर पार्टचा बाजार आणि चोर बाजार, दिल्लीत काश्मिरी गेट, चेन्नईत पुदुपेट, कोलकात्यात मलिक बाजार ही आपल्याकडची ठिकाणं. पण तिथे जाऊन विचारायची एक पद्धत आहे. एक संवाद असा होतो :

"शेठ, पन्नास सालच्या शेव्हर्ले पिकअपचं व्हील सिलिंडर किट आहे का?"

"नाही रे बाबा. ती गाडीच आता कुठे राहिलीय!"

दुसरा असा :

"शेठ, इंच-एक-सुती बोअरचे कप आहेत का? ओठाचे. हा नमुना आणलाय."

"कुठल्या गाडीला?"

"गाडी कुठलीही असू दे, मापाला बसायला हवेत."

"थांब, वरचा डबा काढतो."

सांगायचा मुद्दा हा की दुकानदाराच्या डोक्यात गाड्यांची यादी असते, तुमची गाडी त्यातून कधीच गेलेली असते. माप मात्र जात नाही. महिंद्राने १९४७ पासून आपल्याकडे जीप जुळवायला घेतली, त्यामुळे इंची मापाचं ब्रेकचं रबर आपल्या बाजारात दीर्घकाळ टिकलं. युद्धकाळातल्या विलीज जीपला मास्टर आणि पुढचे व्हील सिलिंडर एक इंची, मागचे पाऊण इंची असत. तुमच्या सिलिंडरचं माप यात बसलं तर शोध निम्मा संपला.

जाण्यापूर्वी वहीत हे लिहून घ्या :

१. बोअरचा व्यास, तीन ठिकाणी, आडवा-उभा. काही व्हील सिलिंडरची दोन्ही टोकं वेगवेगळ्या मापाची असतात, म्हणून दोन्हीकडून मोजा.
२. सिलिंडरची लांबी, बेस प्लेटवर बसायच्या बोल्टमधलं अंतर.
३. पाइप आणि ब्लीडर यांचे आटे, आटे मोजायच्या गेजने.
४. ओतीव भागावर उठलेले आकडे. हा पार्ट नंबर असेलच असं नाही, पण ओळख पटवायला उपयोगी पडतो.
५. डावा-उजवा, पुढचा-मागचा. काढतानाच खूण करा.

आणि नमुना सोबत न्याच. फोटोपेक्षा हातातला पार्ट बोलका असतो.

अमेरिकेत या पिकअप इतक्या लोकप्रिय आहेत की बरेच भाग आजही नव्याने बनतात. तिथून मागवणार असाल तर पार्टच्या किमतीत पोस्टेज आणि कस्टम ड्यूटी धरूनच वर्गणी काढा. जुन्या गोदामात पडलेला, कधीच न वापरलेला मूळचा पार्ट मिळाला तर धातू जरूर घ्या. पण त्यातलं रबर फेकून द्या. डब्यात बंद असलं तरी रबराचं वय होतच असतं.

सिलिंडर वाचवता येतो

पार्ट मिळालाच नाही तर? जुना सिलिंडर टाकू नका. बीडाचं अंग शाबूत असेल तर स्लीव्ह घालता येते. ग्लायकॉलचं ब्रेक ऑइल हवेतलं पाणी शोषतं, ते पाणी सिलिंडरच्या तळाशी बसतं आणि तिथे गंजाचे खड्डे पडतात. कोकणातल्या चार पावसाळ्यांनंतर काय होत असेल याची कल्पना करा. हलके डाग होनिंगने जातात. पण बोअर साधारण पाच थाऊपेक्षा जास्त वाढला तर होनिंग पुरे.

स्लीव्हसाठी सिलिंडर लेथवर मोठा करायचा, पितळेची किंवा स्टेनलेस स्टीलची नळी घट्ट दाबून बसवायची, ऑइल यायचं भोक पुन्हा पाडायचं आणि शेवटी होनिंग करून बोअर मूळ मापावर आणायचा. मूळ मापावर, सोयीच्या मापावर नाही.

मास्टर सिलिंडरमध्ये जास्त काळजी लागते. त्यात टाकीकडे जाणारं एक अगदी बारीक भोक असतं. पेडल सोडल्यावर जादा ऑइल त्यातून परत जातं. स्लीव्ह घालताना हे भोक बुजलं किंवा पेडलला थोडासुद्धा मोकळा खेळ न ठेवल्याने कप त्याच्यावरच राहिला, तर ऑइल परत जात नाही. ब्रेक गरम होतात, ऑइल फुगतं आणि चाकं आपोआप जाम होतात. भोकाची धार राहिली तर ती कपाचा ओठ कापते. त्याच मास्टरच्या टोकाला बहुधा एक छोटा व्हॉल्व्ह असतो. तो ड्रम ब्रेकच्या लाइनमध्ये किंचित दाब राखतो, म्हणजे कपांचे ओठ भिंतीला चिकटून राहतात. डिस्क ब्रेकच्या गाडीचा मास्टर उचलून लावणारे हा व्हॉल्व्ह हमखास विसरतात.

पाइप, ऑइल, लायनर

अमेरिकन गाडीत ३/१६ इंची नळीला सहसा ३/८ इंच, २४ आट्यांचा नट असतो. आजच्या बऱ्याच गाड्यांना एम-१०, १ मिमी पिचचा. इंची नटाचा व्यास ९.५ मिमी आणि पिच १.०६ मिमी. म्हणजे तो एम-१० च्या भोकात सैलसर शिरतो, दोन-चार आटे पकडतो आणि 'बसला' असं वाटतं. दाबाखाली तो कधी सुटेल याचा नेम नाही. नळीचं फुलवलेलं टोकही दोन पद्धतींत वेगळं असतं. एकाची नळी दुसऱ्याच्या बैठकीवर बसवू नये. आणि साधी तांब्याची नळी तर नकोच. कंपनाने ती कडक होऊन चिरते. स्टीलची किंवा तांबं-निकेलच्या मिश्रधातूची वापरा.

ऑइल डॉट ३ किंवा डॉट ४. कोरडं असताना यांचे किमान उत्कलनबिंदू अनुक्रमे २०५ आणि २३० अंश सेल्सिअस. पाणी मुरल्यावर १४० आणि १५५. सिलिकॉनचं डॉट ५ यांच्यात मिसळू नका. इंजिन ऑइलचा किंवा रॉकेलचा बोळा रबराजवळसुद्धा नेऊ नका, कप फुगून बसतील. सफाईला ब्रेक ऑइल किंवा स्पिरिट.

ड्रम टर्निंगला मर्यादा आहे. व्यास मूळ मापापेक्षा साधारण ६० थाऊ, म्हणजे दीड मिमीहून जास्त वाढवू नये. ड्रमवर मर्यादा कोरलेली असेल तर तीच खरी. शूवर नवे लायनर रिव्हेट मारून बसवणारे कारागीर आपल्याकडे अजून आहेत, म्हणून रिकामे शू जपून ठेवा. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असतं हे गृहीत धरा : कॉम्प्रेसरने हवा मारायची नाही, ओल्या फडक्याने पुसायचं आणि फडकं पिशवीत बंद करायचं.

मूळचेच ठेवायचे की बदलायचे?

हॉस्टेलमध्ये यावर रात्रभर वाद होऊ शकतो. हकचे भाग मिळेनात म्हणून अनेकजण पुढच्या सालचे बेंडिक्स ब्रेक बसवतात. हरकत नाही, पण बेस प्लेट, सिलिंडर, शू, ड्रम असा पूर्ण संच आणि तोही दोन्ही बाजूंना. अर्धं हे, अर्धं ते म्हणजे वर केलेला २६ टक्क्यांचा हिशोब पुन्हा. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, खासगी वापरातल्या दुचाकी-चारचाकीची 'व्हिंटेज' म्हणून नोंद होऊ शकते. त्यासाठी गाडी मूळ रूपात हवी आणि चॅसिस, बॉडी, इंजिन यांत मोठे बदल झालेले नसावेत. म्हणून ब्रेक बदलताना चॅसिसला वेल्डिंग करायची किंवा भोकं पाडायची वेळ येत असेल तर आधी आरटीओत चौकशी करा. काढलेले मूळचे भाग चिठ्ठी लावून पेटीत ठेवा, पुढच्या बॅचला उपयोग होईल.

एक गोष्ट मात्र कोणत्याही पर्यायात लक्षात ठेवायची. या गाड्यांची ब्रेक लाइन एकच आहे. एका चाकाचा कप फाटला तर चारही ब्रेक जातात. म्हणूनच 'बाकी तीन नवे आहेत, हा एक चालून जाईल' हे वाक्य इथे चालत नाही.

रस्त्यावर काढण्याआधी

हवा काढून झाली की पेडल जोरात दाबून दोन मिनिटं धरा. हळूहळू खाली जात असेल तर कुठेतरी गळती आहे. चाकांच्या आतल्या बाजूला कोरडं फडकं फिरवून बघा. रात्रभर उभी करून सकाळी पुन्हा बघा. हँडब्रेक वेगळा तपासा. मग मैदानात, चालत्या माणसाच्या वेगाने, कोणी समोर उभं नसताना पहिली चाचणी. गाडी सरळ थांबते का, चारही ड्रम सारखे गरम होतात का, हे बघून मगच वेग वाढवा.

तेव्हा मित्रांनो, 'पार्ट मिळत नाही' हे उत्तर ऐकून परत येऊ नका. पार्टला नाव असतं, माप असतं आणि काम असतं. नाव बाजारातून पुसलं गेलं तरी माप आणि काम तुमच्या वहीत राहतं. आणि ज्या दिवशी माप जुळत नसतानाही लावून टाकायचा मोह होईल, त्या दिवशी गाडी शेडमध्येच राहू द्या. सत्तर वर्षं थांबलीय ती, आणखी एक महिना सहज थांबेल.