रस्त्यावरील अपघात, भरपाईचा दावा आणि व्यापाऱ्याची वही

आम्ही कापडाचा धंदा करणारी माणसे. भिवंडी, मालेगाव, इचलकरंजी, सुरत, अहमदाबाद या पेठांमध्ये आमचा माल आणि त्याबरोबर आम्ही स्वतः सतत रस्त्यावर असतो. गाठी भिजल्या किंवा जळाल्या तर काय, याची चिंता आम्ही करतो; परंतु त्या गाठींबरोबर टेम्पोतून जाणारा माणूस परत आला नाही तर त्याच्या घरच्यांचे काय, हा प्रश्न दुकानात कोणी काढत नाही. अपघात झाला की बाजार अर्धा दिवस बंद राहतो, चार लोक सांत्वनाला जातात, आणि पुढे उधारी मागणारे तेवढे त्या घरी येत राहतात. त्या घराचा कायद्याने काही हक्क आहे, हे सांगणारा क्वचितच कोणी भेटतो. म्हणून या खेपेस बाजारभाव बाजूला ठेवून हा विषय घेतला आहे.

काही लोक म्हणतात, भरपाई मागणे म्हणजे मयताच्या जिवाची किंमत लावणे. वस्तुस्थिती तशी नाही. जिवाची किंमत कोणतेही न्यायालय लावू शकत नाही. न्यायालय हिशेब करते तो एवढाच की, हा माणूस जिवंत असता तर त्याच्या कमाईतून घरच्यांना किती मिळाले असते. तो हक्क घरच्यांचा आहे. तो सोडून देणे म्हणजे यतीम मुलांच्या तोंडचा घास सोडून देणे होय.

कायदा काय सांगतो

आपल्या देशात अशा दाव्यांसाठी १९८८ चा मोटार वाहन कायदा आहे आणि त्याखाली मोटार अपघात दावा न्यायाधिकरणे आहेत. २०१९ साली या कायद्यात मोठी दुरुस्ती झाली आणि भरपाईसंबंधीच्या नव्या तरतुदी १ एप्रिल २०२२ पासून लागू झाल्या. सर्वसाधारणपणे तीन मार्ग आहेत.

पहिला, कलम १६६ चा. यात समोरच्या चालकाचा निष्काळजीपणा दाखवावा लागतो, परंतु भरपाई उत्पन्नाच्या हिशेबाने पूर्ण मिळते. दुसरा, कलम १६४ चा. यात चूक कोणाची हे सिद्ध करावे लागत नाही. मृत्यूला ५ लाख आणि गंभीर दुखापतीला अडीच लाख रुपये ठरलेले आहेत. तिसरा, ठोकर मारून पळून गेलेल्या आणि न सापडलेल्या गाडीचा. त्यात मृत्यूला २ लाख आणि गंभीर दुखापतीला ५० हजार रुपये मिळतात.

पुष्कळदा घाईत ५ लाखांवर समाधान मानले जाते. कमावता माणूस गेला असेल आणि समोरच्याची चूक उघड असेल, तर कलम १६६ चा दावा कितीतरी मोठा होऊ शकतो. म्हणून कोणत्याही कागदावर सही करण्यापूर्वी दोन्ही मार्गांचा हिशेब करून पाहावा.

दावा कोठे करायचा हेही समजून घ्यावे. अपघात गुजरातमध्ये झाला म्हणून मालेगावच्या विधवेने गुजरातेत खेपा घालण्याची गरज नाही. अपघात झाला तेथे, किंवा दावा करणारा राहतो अगर व्यवसाय करतो तेथे, किंवा प्रतिवादी राहतो तेथे, यांपैकी सोयीच्या ठिकाणी दावा करता येतो. नव्या दुरुस्तीने दाव्यासाठी अपघातापासून सहा महिन्यांची मुदत घातली आहे. शोक आपल्या जागी आहे, पण मुदत शोकासाठी थांबत नाही.

टेम्पोत बसलेला मालाचा मालक

हा मुद्दा आपल्या धंद्याच्या माणसाने नीट वाचावा. मालवाहू गाडीत फुकट बसलेल्या प्रवाशाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असा निर्णय सर्वोच्च न्यायालयाने आशा राणी खटल्यात २००२ साली दिला. म्हणजे रस्त्यात हात दाखवून टेम्पोत बसलेला माणूस मेला, तर विमा कंपनी हात वर करू शकते.

परंतु १९९४ च्या दुरुस्तीने एक अपवाद कायद्यात आला आणि तो आजही आहे. त्या गाडीत ज्याचा माल आहे तो मालक, किंवा त्याने अधिकार देऊन पाठवलेला माणूस, मालाबरोबर जात असेल तर त्याची जबाबदारी विम्यात येते. आपण स्वतः किंवा आपला गुमास्ता गाठींबरोबर जातो तेव्हा हेच कलम कामाला येते.

आता प्रश्न पुराव्याचा. माल तुमचा होता हे सिद्ध कशाने होणार? बिल, चलन आणि बिल्टीने. कच्च्या चिठ्ठीवर माल पाठवणाऱ्याच्या घरच्यांना विमा कंपनीचा वकील पहिला प्रश्न हाच विचारतो की, हा मालाचा मालक कशावरून? उत्तर नसेल तर तो फुकटा प्रवासी ठरतो. गुमास्ता जात असेल तर त्याच्या जवळ पेढीची दोन ओळींची चिठ्ठी असावी की, अमुक माल घेऊन यास पाठवले आहे. तिची नक्कल दुकानात ठेवावी. आणखी एक गोष्ट. २००७ साली सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की, मालाचा मालक म्हणजे चालकाजवळ केबिनमध्ये बसून जाणारा. गाठींवर आडवे पडून रात्रीचा प्रवास करणाऱ्यांनी जिवासाठीही आणि कायद्यासाठीही हे ध्यानात ठेवावे.

भरपाईचा हिशेब कसा होतो

हा हिशेब मनमानी नाही. २००९ च्या सरला वर्मा खटल्यात आणि २०१७ च्या प्रणय सेठी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने त्याची रीत घालून दिली आहे. ती आपल्या नफा-तोट्याच्या हिशेबाइतकीच सोपी आहे.

प्रथम मयताचे वार्षिक उत्पन्न घ्यायचे, आयकर वजा करून. त्यात पुढील वाढीची रक्कम मिळवायची. स्वतःचा धंदा करणाऱ्यास ४० वर्षांखाली ४० टक्के, ४० ते ५० वयात २५ टक्के, ५० ते ६० वयात १० टक्के. कायम नोकरीवाल्यास हेच प्रमाण ५०, ३० आणि १५ टक्के आहे. मग मयत स्वतःवर जो खर्च करीत असता तो वजा करायचा. विवाहित माणसाच्या मागे अवलंबून असणारे दोन-तीन असतील तर एक तृतीयांश, चार ते सहा असतील तर एक चतुर्थांश, सहाहून अधिक असतील तर एक पंचमांश. अविवाहिताचा सहसा निम्मा. उरलेल्या रकमेस वयाप्रमाणे ठरलेल्या आकड्याने गुणायचे. २६ ते ३० वयास १७, ३१ ते ३५ ला १६, ३६ ते ४० ला १५, ४१ ते ४५ ला १४, ४६ ते ५० ला १३, ५१ ते ५५ ला ११, ५६ ते ६० ला ९.

समजा, ३८ वर्षांचा एक कापड दुकानदार गेला. त्याच्या विवरणपत्रात वार्षिक उत्पन्न ३ लाख आहे. मागे पत्नी, तीन मुले आणि आई आहे. ३ लाखांत ४० टक्के मिळवले, झाले ४,२०,०००. चौथा हिस्सा वजा केला, उरले ३,१५,०००. त्यास १५ ने गुणले, झाले ४७,२५,०००. याशिवाय अंत्यविधीचे १५ हजार, मिळकतीच्या नुकसानीचे १५ हजार आणि सहवास हरपल्याचे ४० हजार रुपये, हे २०१७ चे दर आहेत. दर तीन वर्षांनी त्यांत १० टक्के वाढ सांगितलेली आहे. सहवासाची रक्कम केवळ पत्नीची नाही, मुलांची आणि आईवडिलांचीही आहे, हे २०१८ च्या मॅग्मा विमा कंपनीच्या खटल्यात स्पष्ट झाले. दाव्याच्या तारखेपासून व्याजही मिळू शकते.

वहीतील उत्पन्न आणि खरे उत्पन्न

आता त्याच दुकानदाराचा दुसरा हिशेब पाहा. धंदा तोच, कमाई तीच. पण विवरणपत्र कधी भरले नाही, बँकेत व्यवहार नाही, सगळे रोखीचे. घरचे सांगतात, महिना २५ हजार मिळत होते. पुरावा मागितला तर काही नाही. न्यायाधिकरण अंदाज बांधते. समजा, महिना १० हजार धरले. वर्षाचे १,२०,०००, वाढीसह १,६८,०००, चौथा हिस्सा जाऊन १,२६,०००, १५ ने गुणून १८,९०,०००. म्हणजे २८,३५,००० रुपयांचा फरक, आणि तो सोसायचा विधवेने.

२०१९ च्या मलरविझी खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने आयकर विवरणपत्र हा उत्पन्नाचा भरवशाचा दस्तऐवज मानला. यातून धडा असा की, विवरणपत्रात दाखवलेला आकडा केवळ आयकर खात्यासाठी नसतो. तो उद्या आपल्या मुलांच्या हक्काचा आकडा असतो. जो व्यापारी कमाई कमी दाखवून थोडासा कर वाचवतो, तो स्वतःच्या घरच्यांचा हक्कही तेवढाच कमी लिहून ठेवतो. मृत्यूनंतर ती वही दुरुस्त करता येत नाही.

जखमी माणसाचा दावा

दुखापतीच्या दाव्यात डॉक्टरच्या दाखल्यावरील टक्का आणि कमाईचा गेलेला टक्का एक नसतात. २०१० साली राज कुमार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने हे फार सोप्या उदाहरणाने समजावले. डावा हात गेला, तर सुताराची किंवा चालकाची कमाई जवळपास पूर्ण जाते. कारकुनाची नोकरी मात्र टिकू शकते. अपंगत्व दोघांचे सारखेच, परंतु नुकसान वेगळे.

आपल्याकडील कटिंग मास्तर, शिलाई कारागीर, यंत्रमागावरचा विणकर यांनी हे ध्यानात ठेवावे. बोटे गेली तर दाखल्यावर आकडा लहान येईल. पण त्या बोटांवाचून तो काम करू शकतो काय, हे न्यायाधिकरणासमोर मांडले पाहिजे. त्यासाठी कामाचा पुरावा, पगाराची नोंद आणि डॉक्टरची साक्ष लागते. औषधाची व दवाखान्याची प्रत्येक पावती जपून ठेवावी. जखमीची स्वतःचीही काही चूक असेल, उदाहरणार्थ तो उलट्या बाजूने गाडी हाकत होता, तर तेवढा हिस्सा वजा होतो. परंतु प्रवासी म्हणून बसला असताना दोन गाड्या धडकल्या, तर तो दोन्हींपैकी कोणाही एकाकडून पूर्ण रक्कम मागू शकतो. हा निर्णय २०१५ चा आहे.

आपलीच गाडी असेल तर

आतापर्यंत घेण्याची बाजू झाली, आता देण्याची. आपल्या टेम्पोने कोणी मेला आणि विमा संपलेला असेल, तर सगळी रक्कम मालकावर येते, आणि ती जमीन महसुलाच्या थकबाकीप्रमाणे वसूल होऊ शकते. दुकान, घर, सर्व धोक्यात. चालकाचा परवाना योग्य नसेल, तर कंपनी पीडितास रक्कम देऊन ती मालकाकडून वसूल करू शकते.

दुसरा धोका विकलेल्या गाडीचा. आम्ही जुना टेम्पो रोखीने विकतो, आणि आर.टी.ओ.च्या पुस्तकात नाव बदलायचे राहून जाते. २०१८ च्या नवीन कुमार खटल्यात गाडी एकापाठोपाठ अनेक हातांत गेली होती. तरी सर्वोच्च न्यायालयाने जबाबदार धरला तो नोंदणीत नाव असलेला पहिला मालक. पैसे घेतले म्हणजे गाडी गेली असे नाही; नाव गेले तरच गाडी गेली.

रक्कम कोणाची

वारसाचा हिस्सा आणि भरपाईचा हिस्सा यांत गल्लत होते. कमाई बुडाल्याची रक्कम मयतावर कोण किती अवलंबून होते हे पाहून न्यायाधिकरण वाटून देते. म्हणून विधवेस आणि लहान मुलांस त्यात मोठा वाटा मिळू शकतो. दीर किंवा चुलत्याने ही घराण्याची इस्टेट समजून तिच्यावर हात ठेवू नये. १९९३ च्या सुसम्मा थॉमस खटल्यापासून अशी सूचना आहे की, अज्ञान मुलांची रक्कम बँकेत मुदत ठेवीत ठेवावी आणि अशिक्षित विधवेचीही तशीच सांभाळावी. काही घरांत यावरून नाराजी होते. आमच्या मते यात विधवेचेच संरक्षण आहे.

काय करावे

अपघात होताच पोलिसात नोंद करावी. तोंडी समझोता करू नये. फिर्याद, पंचनामा, शवविच्छेदनाचा अहवाल, गाडीची नोंदणी, विमा आणि चालकाचा परवाना यांच्या नकला मिळवाव्यात. कोऱ्या कागदावर कोणालाही सही देऊ नये. दवाखान्याच्या दारात टक्केवारीवर दावा लावून देणारे भेटतात. भरपाईतील हिस्सा फी म्हणून ठरवण्यास वकिलास बार कौन्सिलच्या नियमांनी मनाई आहे, हे त्यांना सांगावे. आणि खोटी गाडी, खोटा साक्षीदार उभा करू नये. त्याने खरे दावेही संशयात पडतात.

ही झाली अपघातानंतरची कामे. त्याआधीची कामे आज, दुकान बंद करण्यापूर्वी होण्यासारखी आहेत. गाडीच्या विम्याची तारीख पाहणे, विकलेल्या गाडीचे नाव बदलले काय हे तपासणे, मालाबरोबर जाणाऱ्यास बिल्टी व चिठ्ठी देणे, विवरणपत्र खरे भरणे, आणि हे सर्व कागद कोठे आहेत ते घरातील एका माणसास सांगून ठेवणे. बहुतेक घरांत ते माणूस पत्नी असावी, कारण उद्या न्यायाधिकरणासमोर उभे राहायची वेळ तिच्यावरच येते.