रामकथेचा विस्मृत चित्रकार : साहिबदीन

रामकथा आपण कीर्तनात ऐकतो, पारायणात वाचतो आणि मंदिराच्या भिंतीवर पाहतोही. महर्षी वाल्मीकी, गोस्वामी तुलसीदास, संत एकनाथ, समर्थ रामदास ही नावे लहानथोरांच्या मुखी आहेत. परंतु ज्यांनी हीच कथा रेषांनी आणि रंगांनी सांगितली, त्या चित्रकारांची नावे विचारली तर बहुतेकांना मौनच धरावे लागते. अशाच एका थोर परंतु विस्मृत चित्रकाराची व त्याच्या कार्याची ओळख भाविकांना व्हावी, या हेतूने हा लेख देत आहोत. त्याचे नाव साहिबदीन. सतराव्या शतकात मेवाडच्या राजधानीत, उदयपूर येथे, त्याने आपली कला फुलविली.

मेवाडची पार्श्वभूमी

इ. स. १५६८ मध्ये चितोडगड मोगलांच्या हाती गेला. त्यानंतर महाराणा प्रताप यांनी दीर्घकाळ झुंज दिली. पुढे १६१५ मध्ये महाराणा अमरसिंह यांनी जहांगीर बादशहाशी तह केला, तेव्हा मेवाडला स्वास्थ्य लाभले. या तहात एक जाचक अट होती : चितोडच्या तटबंदीची दुरुस्ती करावयाची नाही.

१६२८ मध्ये महाराणा जगतसिंह (पहिले) गादीवर आले. पूर्ववैभवाची पुनःस्थापना हा त्यांचा ध्यास होता. उदयपूरचे प्रसिद्ध जगदीश मंदिर त्यांनीच उभारले. मेवाडचे सिसोदिया घराणे आपले नाते प्रभू रामचंद्रांच्या सूर्यवंशाशी सांगते. त्यामुळे रामायणाची भव्य सचित्र पोथी सिद्ध करविणे हे महाराणांच्या दृष्टीने धर्मकार्य होते, तसेच ते स्वकुळाचे स्मरणही होते.

चित्रकाराचा परिचय

साहिबदीन हा धर्माने मुसलमान होता. मेवाडात ही गोष्ट नवी नव्हती. १६०५ मध्ये चावंड येथे रागमालेची चित्रे काढणारा नासिरुद्दीन हा त्याचा पूर्वसूरी होय. साहिबदीनचे चरित्र कोणी लिहून ठेवलेले नाही. ते त्याच्या चित्रांवरून आणि पोथ्यांच्या अखेरीस असलेल्या नोंदींवरूनच वाचावे लागते. १६२८ ची रागमाला, १६२९ चे गीतगोविंद, १६४८ चे भागवत पुराण आणि १६५५ चे शूकरक्षेत्र माहात्म्य या सचित्र पोथ्यांशी त्याचे नाव निगडित आहे. सत्तावीस वर्षांहून अधिक काळ हा कलावंत प्रामुख्याने वैष्णव ग्रंथांची चित्रसेवा करीत राहिला. यांपैकी भागवताची पोथी पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिरात आहे, ही महाराष्ट्रातील भाविकांना विशेष आनंदाची बाब होय.

त्या काळची चित्रसाधना कष्टाची होती. कागदाचे थर एकावर एक चिकटवून, अकिकाच्या दगडाने घोटून पृष्ठभाग गुळगुळीत करीत. हिंगुळापासून तांबडा, हरताळापासून पिवळा, निळीपासून निळा, काजळीपासून काळा असे रंग सिद्ध होत. खारीच्या केसांच्या कुंचल्याने बारीक रेषा काढीत. मोगल कलेतील रेखीवपणा साहिबदीनने आत्मसात केला. तथापि मेवाडचे ठसठशीत तांबडे-पिवळे रंग आणि टपोऱ्या डोळ्यांच्या आकृती त्याने सोडल्या नाहीत.

रामायणाची पोथी

जगतसिंहांच्या रामायणाचे काम १६४९ ते १६५३ या काळात झाले. वाल्मीकींचे मूळ संस्कृत काव्य, सात कांडे आणि चारशेहून अधिक पूर्ण पानांची चित्रे, असा या पोथीचा विस्तार आहे. पाने आडवी, आपल्या घरच्या पोथीसारखीच सुटी होती. एका अंगास चित्र व दुसऱ्या अंगास मजकूर अशी रचना होती. लेखनाचे काम महात्मा हिरानंद या जैन लेखकाने केले. बालकांडाची चित्रे मनोहर या चित्रकाराने १६४९ मध्ये काढली. अयोध्याकांड (१६५०) व युद्धकांड (१६५२) ही दोन मोठी कांडे साहिबदीनच्या वाट्यास आली. राजा वैष्णव, लेखक जैन आणि चित्रकार मुसलमान, अशा तिघांच्या हातून रामकथेची ही पोथी घडली. १६५२ मध्ये महाराणा जगतसिंह निवर्तले. त्यांचे पुत्र महाराणा राजसिंह यांच्या कारकीर्दीत हे कार्य तडीस गेले.

चित्र कसे वाचावे?

आजचा वाचक चित्राकडे एका क्षणाचे छायाचित्र म्हणून पाहतो. साहिबदीनचे चित्र मात्र पोथीप्रमाणे वाचावयाचे असते. एकाच चौकटीत तो अनेक प्रसंग मांडतो आणि तीच व्यक्ती दोन-तीन ठिकाणी दाखवितो. अयोध्येच्या प्रसंगांत राजवाड्याची दालने, सज्जे व दरवाजे हेच जणू प्रसंगांना वेगळे करणारे विराम होतात. पाहणाऱ्याची दृष्टी एका दालनातून दुसऱ्या दालनात जाते आणि त्याबरोबर कथाही पुढे सरकते.

युद्धकांडातील नागपाशाच्या प्रसंगाचे चित्र उदाहरणादाखल घेऊ. मायावी इंद्रजिताने सर्पबाणांनी राम-लक्ष्मणांना जखडून टाकले आहे. वानरसेना शोकाकुल झाली आहे. इकडे लंकेत इंद्रजित पित्यास विजयाची वार्ता सांगतो. रावणाच्या आज्ञेने सीतामाईला त्रिजटेसह पुष्पक विमानात बसवून रणभूमीवर नेले जाते आणि निश्चेष्ट पडलेले दोघे बंधू तिला दाखविले जातात. हे सारे एकाच पानावर आहे. रावणाचा आनंद आणि सीतेचा आकांत एकाच दृष्टिक्षेपात येतात. ग्रंथात जे एकामागून एक वाचावे लागते, ते येथे समोरासमोर उभे राहते. म्हणूनच हे चित्र केवळ ग्रंथाची सजावट राहत नाही. कथेचा अर्थच ते उलगडून दाखविते. त्रिजटा सीतेला धीर देते आणि पुढे गरुडाच्या आगमनाने नागपाश सुटतो, हे ज्याला ठाऊक आहे, त्याला या चित्रातील दुःखामागे दडलेली आशाही जाणवते.

पोथीचा प्रवास

मेवाडच्या दरबारातील इंग्रज अधिकारी जेम्स टॉड याच्याकडे महाराणा भीमसिंह यांच्याकडून या पोथीचे काही खंड आले. त्याने ते इंग्लंडच्या राजघराण्यातील ड्यूक ऑफ ससेक्स यांना दिले आणि ड्यूकच्या निधनानंतर १८४४ मध्ये ब्रिटिश म्युझियमने ते विकत घेतले. साहिबदीनची अयोध्या व युद्ध ही दोन्ही कांडे आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहेत. काही भाग राजस्थानात राहिला. मनोहरने चित्रित केलेल्या बालकांडाची पाने मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात आहेत. एकाच ग्रंथाची पाने अशी देशोदेशी विखुरली. २०१४ मध्ये ब्रिटिश लायब्ररी व मुंबईचे वस्तुसंग्रहालय यांनी इतर संग्राहकांच्या सहकार्याने ही चित्रे संगणकावर एकत्र आणली आणि दीडशेहून अधिक वर्षांनी ही रामकथा पुन्हा सलग पाहावयास मिळाली.

पोथीची निर्मिती पूर्ण झाल्यावर एका वर्षाने, १६५४ मध्ये, शहाजहान बादशहाने फौज पाठवून चितोडची दुरुस्त केलेली तटबंदी पाडून टाकली. जे दगडात बांधले ते पडले. जे कागदावर रेखाटले ते मात्र जगले. कागदाचे आयुष्य दगडाहून थोडे, असे आपण मानतो. परंतु जतन करणारे हात असतील तर कागदही शतके ओलांडतो.

आपले कर्तव्य

साहिबदीनचे नाव आपणास कळले ते केवळ पोथीच्या अखेरीस कोणीतरी एक ओळ लिहून ठेवली म्हणून. त्याच पोथीतील इतर काही चित्रकारांच्या नशिबी तेवढी ओळही आली नाही. त्यांची चित्रे उरली, नावे लोपली. गावोगावच्या मंदिरांतील भित्तिचित्रांची, लाकडी कोरीव कामाची व मूर्तींची स्थिती याहून निराळी नाही. देणगीदारांची नावे आपण संगमरवरावर कोरतो, ते योग्यच आहे. परंतु ज्याच्या हातून देवाचे रूप साकारले त्याचे नावही कोठेतरी असावयास हवे.

तरी भाविकांना नम्र विनंती की, आपापल्या गावच्या मंदिराचे रंगकाम वा जीर्णोद्धार काढण्यापूर्वी जुन्या चित्रांची छायाचित्रे घ्यावीत, वडीलधाऱ्यांना विचारून कारागिराचे नाव, गाव व साल वहीत नोंदवावे आणि जुने चित्र पुसण्याची घाई करू नये. मुंबईस जाणे झाल्यास वस्तुसंग्रहालयास अवश्य भेट द्यावी. तेथे वा अन्यत्र सचित्र पोथीचे एखादे पान पाहावयास मिळाले, तर त्यासमोर थोडा वेळ उभे राहून ते सावकाश वाचावे. चित्रकारास याहून मोठी दक्षिणा नाही.