देश बदलतो तेव्हा : मराठवाड्यातील जुन्या कागदांचा एक अभ्यास

परदेशी स्थायिक होणाऱ्या माणसास तेथे पोचताच कागदपत्रांच्या मागे लागावे लागते. राहण्याचा परवाना, बँकेचे खाते, शिक्षणाच्या दाखल्यांची भाषांतरे, आणि हे सारे परक्या भाषेत. आपल्या नांदेड-लातूरकडील आज्या-पणज्यांनीही हे केले. फक्त ते कोठे गेले नव्हते. नवा देशच त्यांच्या दारी आला होता.

17 सप्टेंबर 1948 रोजी हैदराबाद संस्थान शरण आले. भारताच्या नागरिकत्वासाठी येथील रहिवाशांस अर्ज करावा लागला नाही. ते राज्यघटनेनेच दिले. बाकीचे कागद मात्र इतक्या सहजी बदलले नाहीत. उदगीर तालुका पूर्वी बिदर जिल्ह्यात होता. 1 नोव्हेंबर 1956 रोजी तो उस्मानाबाद जिल्ह्यात व मुंबई राज्यात आला, 1960 साली महाराष्ट्रात आणि 1982 साली नव्या लातूर जिल्ह्यात. घर न बदलता तीन जिल्हे आणि तीन राज्ये! तिकडे देगलूर तालुक्यातील बिचकुंदा 1956 साली आंध्र प्रदेशात गेले (आज ते तेलंगणात आहे), तर किनवट आदिलाबादमधून नांदेडकडे आले. अशा गावच्या माणसाने जुनी नक्कल मागण्याआधी ती कोणत्या सालची हे पाहावे. कोणत्या कचेरीत जायचे ते सालावरूनच ठरते.

संस्थानात सरकारी नोकरीस ‘मुल्की’ असल्याचा दाखला लागे. बाहेरून आलेल्याला पंधरा वर्षांचे वास्तव्य दाखवावे लागे, शिवाय आपण परत मूळ ठिकाणी जाणार नाही असे प्रतिज्ञापत्र द्यावे लागे. म्हणजे बार्शीचा मनुष्य लातुरात आला तरी तो गैरमुल्कीच. संसदेच्या 1957 च्या कायद्याने मराठवाड्यातून ही अट गेली.

आता भाषा व कालगणना. वरच्या कचेऱ्यांचा कारभार उर्दूत, गावची बरीचशी दफ्तरे मोडीत, आणि साल फसली. फसली साल ऑक्टोबरच्या सुमारास आजूर महिन्याने सुरू होई. त्यामुळे इसवी सन काढताना पहिल्या तीन महिन्यांत, म्हणजे आजूर, दै व बहमन यांत, साधारणपणे 590 मिळवावेत आणि इस्फंदारपासून पुढे 591. सरसकट 590 मिळवण्याची पद्धत आहे, ती चुकीची आहे. माझ्या एका वर्गमित्राच्या जात पडताळणीत हेच घडले. त्याच्या पणजोबांचा जन्म शाळेच्या नोंदीत ‘तीर 1340 फसली’ होता. कोणी तरी त्याचे 1930 केले. दुसऱ्या कागदावर मे 1931 असल्याने ‘तफावत’ असा शेरा पडून प्रकरण परत आले. वस्तुतः तीर म्हणजे साधारण मे महिना, आणि 1340 अधिक 591 म्हणजे 1931. दोन्ही कागद खरेच होते. एका निवृत्त उर्दू शिक्षकांनी हे उलगडून दिले तेव्हा प्रवेशाची मुदत संपायला चार दिवस उरले होते. अनुसूचित जातींसाठी 10 ऑगस्ट 1950, विमुक्त व भटक्यांसाठी 21 नोव्हेंबर 1961 आणि इतर मागासवर्गीयांसाठी 13 ऑक्टोबर 1967 पूर्वीचे पुरावे पाहिले जातात. तेव्हा आपल्यापैकी अनेकांना फसलीशी गाठ घालावीच लागणार.

खरेदीखतातील रक्कम वाचताना नाणेही पाहावे. संस्थानचे सात हाली रुपये म्हणजे सहा कलदार.

खरा प्रश्न जमिनीचा. 1949 साली जहागिरी खालसा झाल्या, 1950 साली हैदराबादचा कूळकायदा आला आणि संरक्षित कुळांच्या याद्या झाल्या. पुढे 1954-55 चे खासरा पत्रक तयार झाले. त्या वेळी जमीन कोण कसतो हे ज्याने चावडीवर जाऊन लिहून घेतले, त्याच्या हाती पुरावा आला. ज्याला वाचता येत नव्हते, किंवा मालकाच्या भिडेने जो गप्प राहिला, त्याचे नाव राहून गेले. आणि आजचा सातबारा पाहून ते कळत नाही. मला वाटते, आपल्याकडील इतिहासाच्या अभ्यासात मुक्तिसंग्रामाच्या लढ्यास जागा मिळते, पण त्यानंतरच्या या लेखणीच्या लढाईस जवळजवळ मिळत नाही. देवस्थाने व दर्गे यांच्या इनाम जमिनींचेही तसेच. तेथे ‘मुंतखब’ हा चौकशीनंतर मिळालेला उर्दू कागद वादाच्या मुळाशी असतो, आणि तो वाचू शकणारा वकील सहजी मिळत नाही.

2023 साली न्यायमूर्ती संदीप शिंदे समितीने कुणबी नोंदींचा शोध घेतला, तेव्हा तहसिलीतील जुनी दफ्तरे बाहेर निघाली आणि मोडी व उर्दू जाणणारांची एकाएकी शोधाशोध सुरू झाली. आपल्या महाविद्यालयात इतिहास व मराठी हे दोन्ही विभाग आहेत. दिवाळीच्या सुट्टीत पंधरा दिवसांचा मोडीचा वर्ग आणि आठवड्यातून दोन तास उर्दू लिपी, एवढे त्यांनी सुरू करावे. घरच्या ट्रंकेतले कागद सरावासाठी आणण्याची जबाबदारी आम्हा विद्यार्थ्यांची.