एकदा काढलेली फिल्म दहादा राबली पाहिजे



गळीत हंगाम संपल्यावर आपल्या काही सभासदांसमवेत आम्ही अष्टविनायकास गेलो होतो. महड व पालीचे दर्शन झाल्यावर बरोबरच्या पोरांनी धोशा लावला, "कोलाड इथनं जवळच हाय, कुंडलिकेत रबरी होडीतनं जाऊ." मोबाईलवर त्यांनी एका व्यावसायिकाची फिल्म पाहिली होती. फेसाळ पाणी, उसळणारी होडी, वर झकास गाणे! दुपारी कोलाडला पोचलो तर पाणी ओसरलेले. मुळशीचे पाणी भिऱ्याच्या वीजगृहातून कुंडलिकेत उतरते व होडीजोगे पाणी सकाळीच मिळते. फिल्म देखणी होती, पण "सकाळी या" हे दोन शब्द तीत नव्हते.

परतताना एका जुन्या सभासदांनी विचारले, "साहेब, आपल्या हुमणीच्या फिल्मचं काय झालं हो?"

आम्ही गप्प झालो. कारण चूक आमच्याच खात्याची होती. सभासदांच्या पैशातून ती फिल्म काढली. वीस मिनिटांपैकी निम्मा वेळ हारतुरे व भाषणे. दाखविली एकदाच, सप्टेंबरातील वार्षिक सभेत. हुमणीचे भुंगेरे वळवाच्या पहिल्या पावसानंतर संध्याकाळी कडुलिंब-बाभळीवर येतात. फांद्या हलवून ते गोळा करायचे व रॉकेलमिश्रित पाण्यात टाकायचे, हे काम तेव्हाचे. सप्टेंबरात अळी उसाच्या मुळाशी बसलेली असते. त्या वेळी भुंगेरे दाखवून काय उपयोग? बैल विकत घ्यावा आणि गोठ्यात बांधून ठेवावा, तशी गत झाली. पुढच्या साली ज्यांचे प्लॉट वाळले, त्यांतील कित्येकांनी ती फिल्म पाहिलीच नव्हती.

सहकारात याच्या उलट उदाहरण आहे. सन १९७६ मध्ये गुजरातच्या ५ लाख दूध उत्पादकांनी प्रत्येकी २ रुपये घातले व श्याम बेनेगल यांनी 'मंथन' हा चित्रपट काढला. पटकथा आपल्या विजय तेंडुलकरांची, प्रमुख भूमिकेत आपली स्मिता पाटील. पण खरे शिकण्यासारखे पुढेच आहे. डॉ. कुरियन यांनी त्याच्या लहान फिती करून गावोगाव पाठविल्या. फितीबरोबर जनावरांचा डॉक्टर, दूधतंत्रज्ञ व वैरणीचा जाणकार जात असे. चित्रपट पाहून लोकांचे मन तयार झाले की, सोसायटी कशी काढायची हे सांगणारा माणूस तिथेच हजर! सन २०२४ मध्ये नव्याने दुरुस्त केलेली त्याची प्रत फ्रान्समधील कान महोत्सवात दाखविली गेली. दोन-दोन रुपयांनी इतकी वर्षे काम केले.

यावरून आम्ही पुढील गोष्टी ठरविल्या आहेत :

१. कॅमेरा आणण्यापूर्वी एक वाक्य लिहायचे : ही फिल्म पाहून सभासदाने उद्या सकाळी काय करावे? ते लिहिता येत नसेल तर फिल्म काढू नये.

२. एका फिल्ममध्ये एकच काम, पाच मिनिटांत. भुंगेरे वेगळे, बेणेप्रक्रिया वेगळी, खोडव्यातील पाचट वेगळे. सत्कार व भाषणे अहवालात छापावीत.

३. बोलणारा आपलाच सभासद असावा, आपल्याच बोलीत आणि स्वतःच्या रानात उभा राहून. शेजाऱ्याने केलेले पाहिले की, "त्याला जमलं तर मला का नाही?" असे वाटते.

४. चित्रण करणाऱ्याचा दिवसाचा खर्च एकदा पडला की, त्याच दिवशी लागण, ठिबक, तोडणी, जे जे समोर असेल ते टिपून घ्यावे. सर्व मूळ चित्रण कारखान्याच्या ताब्यात मिळेल, हे करारातच लिहून घ्यावे. नाहीतर पुढच्या साली त्याच दृश्यांसाठी पुन्हा पैसे मोजावे लागतात.

५. फिल्म हंगामाआधी दाखवावी : भुंगेऱ्यांची मे महिन्यात, पाचटाची तोड सुरू होण्यापूर्वी. दाखविताना मध्येच थांबवून विचारावे, "पाव्हणं, तुमच्याकडं हे कसं करता?" नुसती मोबाईलवर पाठवून दिली म्हणजे काम झाले असे समजू नये.

६. किती जणांनी पाहिली यापेक्षा किती जणांनी केले हे मोजावे. आमच्या चिटबॉयने महिन्याने त्याच गावात फिरून नोंद आणावी. दहा जणांनी पाहून एकानेही केले नसेल तर दोष फिल्मचा, सभासदाचा नव्हे.

जुनी हुमणीची फिल्म आम्ही कपाटातून काढली आहे. हारतुरे कापून उरलेली कामाची मिनिटे येत्या मे महिन्यात प्रत्येक गट ऑफिसला संध्याकाळी दाखविली जातील. त्या वेळी कृषी सहायक घमेले, रॉकेल व बॅटरी घेऊन हजर राहील आणि फिल्म संपली की सगळ्यांनी मिळून जवळच्या कडुलिंबाखाली जायचे आहे. घरातील महिला व तरुण मुलांनाही जरूर आणावे. एकट्याने भुंगेरे मारून भागत नाही. शेजारच्या बांधावरून ते पुन्हा येतात. हुमणीला सहकार कळत नाही, तो आपल्याला कळला पाहिजे.

जय सहकार!

— ऊस विकास अधिकारी